नजरा आकाशात, जीव पाण्यावर

शिकागो हे नाव आपल्या लोकांना तसे नवे नाही. १८९३ साली तिथे सर्वधर्म परिषद भरली आणि श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल यांनी तिथल्या व्यासपीठावरून तथागतांचा धम्म पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे मांडला, हे विहारातील व्याख्यानांतून आपण अनेकदा ऐकले आहे. परिषद भरली ती इमारत मिशिगन अव्हेन्यूवर आजही उभी आहे. आता तिथे मोठे कलासंग्रहालय आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता मुलाकडे शिकागोला गेलो, तेव्हा पहिल्याच रविवारी त्या इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन हात जोडले.

इमारतीच्या मागून पूर्वेकडे थोडे चालले की मिशिगन सरोवर लागते. सरोवर म्हणायचे एवढेच. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा किनाऱ्यावर आपटतात आणि क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतके. फरक असा की पाणी गोडे. हेच पाणी शुद्ध करून शिकागो शहर पिते. नातीने ओंजळ भरून आमच्या अंगावर उडवली, तेव्हा महाडचे चवदार तळे आणि २० मार्च १९२७ हा दिवस आठवल्याशिवाय राहिला नाही. पाणी कोणाचे, यासाठी आपल्या वाडवडिलांनी लढा दिला. पाण्यावर गेल्यावर जीव कसा राखायचा, हा धडा आम्हांला त्या सरोवरावर मिळाला. तो वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

अठ्ठ्याऐंशी डॉलरची जत्रा

दर वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी-रविवारी या सरोवरावर विमानांच्या कसरतींचा मोठा सोहळा होतो. त्याची सुरुवात १९५९ साली झाली. शहराच्या उद्यान खात्याने सुटीतल्या मुलांच्या शिबिरासाठी तो कार्यक्रम ठेवला होता आणि त्याचा खर्च होता अवघा ८८ डॉलर. पोहणे, सूर मारणे, मुलांचे खेळ असे त्याचे स्वरूप होते. त्यात तटरक्षक दलाने बुडणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टरने कसे वाचवतात, याचे प्रात्यक्षिकही दाखवले होते. म्हणजे या जत्रेच्या मुळाशीच जीव वाचवण्याचा धडा होता. आज तिला लाखो माणसे जमतात. तिकीट नाही. नॉर्थ अव्हेन्यूच्या चौपाटीवर पहाटेपासून चटया पडतात आणि सरोवरात शेकडो होड्या नांगर टाकून उभ्या राहतात.

असा कार्यक्रम आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो असे नाही. त्याच वर्षी १२ ते १४ जानेवारीला मुंबईत मरीन ड्राइव्हवर आपल्या हवाई दलाने कसरती दाखवल्या होत्या. सूर्यकिरण पथकाची विमाने आणि सारंगची हेलिकॉप्टरे आम्ही कठड्यावर बसून डोळे भरून पाहिली. पण खरे सांगायचे तर त्या तासाभरात खाली समुद्रावर काय चालले आहे, याकडे आमचे एकदाही लक्ष गेले नाही. सगळ्यांच्या माना वर, तशा आमच्याही वर.

आधी जाकीट, मग होडी

चिरंजीवांच्या कारखान्यातील एक वयस्क सहकारी आहेत. त्यांच्याकडे एकोणीस फुटांची छोटी मोटारबोट आहे. आमच्या मंडळींना पाण्यावरून सोहळा दाखवावा, असे त्यांनी आपणहून ठरवले. शनिवारी सकाळी आम्ही बर्नहॅम बंदरावर पोहोचलो. आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई, सहा वर्षांची नात आणि ते गृहस्थ, असे सहा जण. होडीच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची पाटी ठोकलेली होती. जास्तीत जास्त किती माणसे आणि किती वजन, ते त्यावर कोरलेले होते. वीस फुटांखालच्या मोटारबोटींवर तिकडे अशी पाटी कायद्यानेच असते. पाटीवर सात माणसे लिहिली होती. शेजारच्या धक्क्यावरचा एक तरुण, जागा आहे का, म्हणून विचारत आला, तर गृहस्थांनी मान हलवली. आज पाणी उसळणार आहे, सहाच बरे, एवढेच ते म्हणाले.

मग होडी धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांनी आम्हांला ओळीने उभे केले आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवून पट्टे आवळले. तेरा वर्षांखालील मुलांना अशा छोट्या होडीत जाकीट घालणे त्या राज्यात बंधनकारक आहे. मोठ्यांनी मात्र ते हाताशी ठेवले तरी कायद्याला चालते. आमच्या सौ. म्हणाल्या, "गळ्याशी आवळतंय मेलं. आपण काय पाण्यात उडी मारणार आहोत का?" मुलाने हसत हसत त्याचे इंग्रजी करून सांगितले. ते गृहस्थ हसले नाहीत. "पडणारा माणूस सांगून पडत नाही," असे त्यांनी मुलाकरवी कळवले. पुढे मुलाने आम्हांला माहिती दिली की, तिकडच्या तटरक्षक दलाच्या दर वर्षीच्या अहवालात होडीच्या अपघातात बुडून मेलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नसल्याचेच निघते. पाण्यात पडल्यावर जाकीट शोधून घालायला वेळ कुठे मिळतो?

आणखी एक गोष्ट आम्ही तिथे पाहिली. इंजिनाच्या बटणाला एक लाल दोरी होती. तिचे दुसरे टोक त्या गृहस्थांनी स्वतःच्या कमरेला अडकवले. चालवणारा तोल जाऊन पडला तर दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद होते. नाहीतर मोकाट सुटलेली होडी वळून पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते आणि पाण्याखालचा पंखा त्याचा घात करतो. २०२१ च्या एप्रिलपासून छोट्या होड्या वेगात चालवताना ही दोरी लावणे तिकडे सक्तीचे आहे. दोरी साधी, पण उपाय केवढा!

पाणी रिकामे का ठेवतात?

नेव्ही पियरच्या उत्तरेला आलो, तसे एक आश्चर्य दिसले. एका बाजूला होड्यांची दाटी, इतकी की एका होडीतून दुसरीत खाऊ देता यावा. आणि त्यांच्यापुढे पाण्याचा केवढा तरी पट्टा अगदी मोकळा. एकही होडी नाही. त्याच्या कडेने तटरक्षक दलाच्या आणि पोलिसांच्या गस्ती बोटी फिरत होत्या.

हा पट्टा म्हणजे विमानांचे अंगण. त्याच्या बरोबर वरच विमाने कोलांट्या मारतात. कार्यक्रमाच्या दिवसांत आणि आधीच्या सरावालाही परवानगीशिवाय तिथे कोणी शिरायचे नाही, असा तटरक्षक दलाचा हुकूम असतो. वेगवान लढाऊ विमानाने कसरत करताना प्रेक्षकांच्या रांगेपासून निदान १५०० फूट, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, दूर राहायचे असते. चुकून एखादी होडी या अंगणात गेलीच, तर ती बाहेर काढेपर्यंत खेळ थांबवावा लागतो. लाखो माणसांचा खोळंबा एका होडीपायी.

एवढी कडक शिस्त उगाच आलेली नाही. तिच्यामागे माणसांचे जीव गेले आहेत. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामस्टाइन येथे कसरतीची विमाने एकमेकांवर आदळली. एक जळते विमान थेट गर्दीत कोसळले आणि ७० माणसे मेली. त्यानंतर विमाने आणि प्रेक्षक यांच्यातील अंतराचे नियम अनेक देशांत कडक झाले. याच्या उलट उदाहरण कॅनडातल्या टोरांटोचे. २ सप्टेंबर १९९५ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे मोठे निमरॉड विमान कसरत करताना ओंटारिओ सरोवरात पडले. विमानातले सातही जण गेले, ही मोठीच दुःखाची गोष्ट. पण खाली रिकामे पाणी होते, म्हणून प्रेक्षकांपैकी कोणाचा बळी गेला नाही. मोकळा ठेवलेला पाण्याचा तुकडा काय कामाचा असतो, ते यावरून कळते.

छत्रीने उडी मारणाऱ्यांसाठीही पाणी मोकळे आणि बोट सज्ज लागते. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर नौदलाचा सराव चालू असताना दोघांच्या छत्र्या हवेत एकमेकींत अडकल्या आणि ते समुद्रात पडले. नौदलाच्या बोटीने त्यांना लगेच उचलले, म्हणून ते वाचले.

आमची चूक

आम्ही कडेपासून बरेच अलीकडे नांगर टाकला. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी लागते. वीस फूट पाणी असेल तर शंभर फूट दोरी. आखूड दोरीने नांगर तळाला धरत नाही आणि सगळे वर पाहत असताना होडी हळूहळू वाहत जाऊन नको तिथे शिरते. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाने बांधायचा, मागून नाही. मागून बांधला तर लाट थेट आत येते. इंजिन उगाच चालू ठेवायचे नाही, कारण त्याचा विषारी धूर होडीच्या मागच्या भागात साठतो आणि त्याला वास नसतो. वायरलेस सोळा नंबरच्या वाहिनीवर लावून ठेवायचा. पाण्यावरच्या मदतीच्या हाका त्याच वाहिनीवर येतात.

हे सारे ऐकून घेतले आणि तरीही चूक आमच्याच हातून घडली. सहा विमानांचे पथक समोरून कमळासारखे उमलत वर गेले आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवू लागलो. तेवढ्यात पाठीमागून एक विमान पाण्याला लागून आले. ते ध्वनीच्या वेगाच्या जवळपास उडत असल्यामुळे त्याचा आवाज त्याच्या फार पुढे धावत नाही. विमान डोक्याशी आले, तेव्हाच कानठळ्या बसल्या. नात किंचाळली. तिला धरायला आम्ही दोघे, सूनबाई आणि मुलगा, सगळे एकदम उजव्या कडेला धावलो. होडी कलली. पाण्याची धार आत आली, खाऊची पिशवी घसरत गेली, आणि आमच्या सौं.चा एक हात कोपरापर्यंत सरोवरात बुडाला.

"खाली बसा! जागेवर खाली बसा!" ते गृहस्थ ओरडले. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. आम्ही मटकन खाली बसलो. होडी दोनदा झुलली आणि सरळ झाली. कोणी काही बोलले नाही. सौं.नी नुसता जाकिटाचा पट्टा चाचपून पाहिला. गळ्याशी आवळतंय, असे त्या मग दिवसभर म्हणाल्या नाहीत.

त्याच वेळी आम्हांला ती गस्ती बोट दिसली. आमची होडी कललेली पाहून ती जवळ आली होती. तिच्यावर एक तरुण मुलगी उभी होती, तटरक्षक दलाच्या गणवेशात. तिने हाताने विचारले, सगळे ठीक? आम्ही मान डोलावली. तिच्या पाठीमागे आकाशात विमाने धुराच्या रेघा काढत होती, किनाऱ्यावर लाखो माणसे वर पाहत होती. आणि ती मात्र विमानांकडे पाठ करून आमच्याकडे, होड्यांकडे पाहत होती. दिवसभर तिने खेळ पाहिलाच नसेल. तिने पाहू नये, म्हणूनच आम्हांला पाहता येत होता.

कार्यक्रम संपल्यावर शेकडो होड्या एकदम परत फिरल्या. कित्येकांच्या हातात बिअरचे डबे होते. प्राणघातक होडी-अपघातांच्या ज्ञात कारणांत दारूचा क्रमांक तिकडे पहिला लागतो. पंचशीलातले पाचवे शील पाण्यावरही किती खरे आहे! आमच्या गृहस्थांनी मात्र तासभर नांगर उचललाच नाही. डबा उघडला, सूनबाईंच्या चपात्या चाखल्या आणि गर्दी ओसरल्यावर सावकाश निघाले. आधी पोहोचण्यापेक्षा पोहोचणे मोठे.

नदीकाठची पाटी

दुसऱ्या दिवशी मुलगा आम्हांला शिकागो नदीच्या काठी घेऊन गेला. क्लार्क आणि लासाल या रस्त्यांच्या मध्ये एक स्मृतिफलक आहे. २४ जुलै १९१५ रोजी सकाळी इथे ईस्टलँड नावाची आगबोट धक्क्याला बांधलेली असतानाच कुशीवर उलटली. बोटीवर अडीच हजारांवर माणसे होती. ती कोण होती? वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यातले कामगार आणि त्यांची बायकामुले. वर्षातून एकदा येणाऱ्या सहलीसाठी नवे कपडे घालून निघालेली. नदी तिथे वीस फूट खोल. धक्का हाताच्या अंतरावर. तरी ८४४ माणसे मेली आणि २२ कुटुंबांत मागे रडायलाही कोणी उरले नाही.

कारण ऐकून आम्ही सुन्न झालो. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर बोटींवर जास्त जीवरक्षक होड्या ठेवण्याचा आग्रह सुरू झाला. ईस्टलँड मुळातच डळमळीत होती. त्यात वरच्या मजल्यावर जादा होड्या आणि तराफे चढवले गेले आणि वरचे वजन आणखी वाढले. जीव वाचवण्याचे साहित्य वर बांधलेले होते, आणि त्याखाली माणसे बुडाली.

गिरणीतली, रेल्वेतली, गोदीतली आपली माणसे अशीच वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन सहलीला निघतात. त्या फलकासमोर आम्हांला परकी माणसे दिसली नाहीत, आपलीच चाळ दिसली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कष्टकऱ्याचा जीव मालकाच्या किंवा नशिबाच्या हवाली करायचा नसतो, त्यासाठी कायदा लागतो, ही त्यांची शिकवण आपल्याला ठाऊकच आहे.

गेटवेवर परत

आम्ही मुंबईत परतलो. ६ ऑक्टोबरला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहायला लोटलेल्या गर्दीतील पाच जण दगावल्याची बातमी आली. कडक ऊन आणि रेटारेटी. आणि मग १८ डिसेंबर २०२४. त्या दिवशी आकाशात कसला खेळ नव्हता. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. नीलकमलवर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि कित्येकांच्या अंगावर जाकीट नव्हते, असे वृत्तपत्रांत आले. ती वेगवान बोट गरगर वळसे घेत येताना प्रवाशांनी कौतुकाने पाहिली होती. एकाच्या मोबाइलमध्ये ते चित्रही उतरले. समोर काही विलक्षण चालले की माणसाचे भान तिकडेच लागते. आमचेही सरोवरावर लागलेच होते की!

घारापुरीला आपली माणसे लेणी पाहायला जातात आणि बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, त्यांना वंदन करून येतात. ती वाट आपण सोडायची नाही. दुर्घटनेनंतर गेटवेच्या लाँचवर जाकीट घालण्याची सक्ती झाली. पण सक्ती करणारा शिपाई धक्क्यावरच राहतो. पुढे आपला जीव आपल्या हाती.

म्हणून आमची विनंती आहे. लाँचमध्ये पाऊल टाकताच जाकीट मागा, आधी मुलांना आणि मग स्वतःला घाला, पट्टे बांधा. टांगलेले जाकीट ईस्टलँडवरच्या होड्यांसारखेच. गर्दी वाटली तर ती लाँच सोडा, पुढची येईल. काही दिसले, फोटो काढायचा झाला, तरी सगळे एका कडेला धावू नका. टोपी आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवा. चालवणारा प्यायलेला वाटला तर बसूच नका. आणि आपल्या मंडळींपैकी एकाने, आळीपाळीने, खेळाकडे पाठ करून आपल्या माणसांकडे पाहत राहावे.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात भिक्खूंना अप्रमादाने राहायला सांगितले. अप्रमाद म्हणजे भीती नव्हे, अप्रमाद म्हणजे सावधपणा. विहारात हा शब्द आम्ही पुष्कळ वेळा ऐकला होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन घारापुरीला गेलो. लाँच सुटण्याआधी आमच्या सौ. बाकांमधून फिरल्या आणि प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहिला. एक पोरगा म्हणाला, "मावशी, गळ्याशी लई आवळतंय." त्या म्हणाल्या, "आवळू दे बाळा. पडणारा माणूस सांगून पडत नाही."

जय भीम.